नासर्डीच्या अलीकडे

मखमलाबादचा सावळीराम माळी रोज फुलांची पाटी डोक्यावर घेऊन नाशकात यायचा, आणि चालत नाही, पळत यायचा. गुलाबाला ऊन लागायच्या आत पंचवटीतला बाजार गाठायचा म्हणजे पळणं आलंच. त्याचा बापही तसाच पळत यायचा. गुडघ्यांत जराशी वाकलेली, आखूड पावलांची, पाटीवरचं ओलं फडकंसुद्धा हलू न देणारी अशी ती चाल होती. चौतीस साली सावळीराम तिशीच्या आसपास होता, नक्की वय त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. काळा, उंच, अंगावर मांस म्हणून नाही. बोलणं आधीपासूनच बेताचं, आणि त्या वर्षी तर तो मुका म्हणून खपला असता.

त्याला कारण होतं. आदल्या दिवाळीत त्याची मुलगी चांगुणा गेली. सात वर्षांची होती. मुदतीचा ताप आला. चौदाव्या दिवशी उतरेल असं वैद्य म्हणाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी तो खरंच उतरला. पोरीनं पेज मागितली. दुसऱ्या दिवशी पाडवा, फुलांना सगळ्यात जास्त मागणी असायची ती त्याच दिवसांत. सावळीरामनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, कपाळ गार होतं, आणि तो पाटी उचलून निघाला. फुलं विकून दुपारी घरी परतला तेव्हा अंगणात शेजारच्या बायका बसलेल्या होत्या. त्याला पाहून त्या बोलायच्या थांबल्या.

त्याची बायको ठमाबाई रडली, तिनं ऊर बडवला, महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मग एक दिवस उठली आणि गुलाबाच्या आळ्यांतलं तण काढायला लागली. सावळीराम मात्र रडलाच नाही. लोक म्हणाले, गडी घट्ट आहे. ठमाबाईला वेगळंच वाटत होतं. तिनं एकदा मुद्दाम दोन दिवस कालवणात मीठ घातलं नाही. तो जेवला, हात धुतले, बाहेर जाऊन बसला. दोन्ही दिवस.

रोज सकाळी व्हिक्टोरिया पुलाजवळ त्याला पळताना पाहणारा एक माणूस होता. रंगनाथ मास्तर. ते एका शाळेत कवायत शिकवायचे. गावातल्या चार-दोन तालमींनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक शर्यत सुरू केली होती, तिचे पंच, चिटणीस आणि धावपळ करणारे सगळे मास्तरच. नगरपालिकेच्या कचेरीपासून निघायचं, नासर्डीचा पूल ओलांडून नाशिकरोडच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. अकरा मैल. दोन्ही वर्षी देवळाली कॅम्पातल्या शिपायानं बाजी मारली होती आणि मास्तरांना ते फार लागलं होतं.

"काय रे," त्यांनी एका सकाळी त्याला हटकलं, "ही डोक्यावरची पाटी काढली तर किती पळशील?"

सावळीराम थांबला. "ठाऊक नाय."

"शर्यतीत नाव घालू का तुझं?"

"घाला."

मास्तरांना त्याच्या होकाराचा आनंद झाला. विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी तो त्याच आवाजात हो म्हणाला असता, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

माघ संपत आला होता. शर्यतीच्या रविवारी सकाळपासून ऊन चांगलं चटकत होतं. दुपारी तीनला सुटायचं होतं. एकतीस गडी जमले. तालमीतली पोरं, कचेरीतले दोघे कारकून, कॅम्पातले सात शिपाई. शिपायांच्या पायांत बूट, बाकी बहुतेक अनवाणी. पश्चिमेला त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग दिसत होते, काळपट, खालून पिवळसर झाक असलेले. कोणीतरी ते मास्तरांना दाखवले. "माघात कुठला पाऊस?" मास्तर म्हणाले आणि घड्याळाकडे पाहायला लागले.

सावळीरामच्या शेजारी अन्सार उभा होता. भद्रकालीतला कल्हईवाला. खांद्यावर भाता टाकून खेडोपाडी हिंडायचा, मखमलाबादलाही यायचा. ठमाबाईच्या पातेल्यांना त्यानंच कल्हई केलेली. पस्तिशीचा, बुटका, मांड्या भक्कम, आणि तोंड सतत चालू.

"अरे, तू तर फुलवाला!" तो म्हणाला. "तू पण? बरं झालं. मला सोबत पाहिजे. एकट्यानं पळायचं म्हणजे कंटाळा. मी काही जिंकायला आलेलो नाही बरं का. दहा गावं पायी हिंडतो रोज, म्हटलं बघू तरी नुसतं पळून."

त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून अर्धा सावळीरामला दिला. सावळीरामनं तो तोंडात टाकला.

शिट्टी झाली. पहिले दोन मैल अन्सार बोलत होता. रस्त्याच्या कडेला ट्रामचे रूळ होते त्या जागेबद्दल, लहानपणी ट्रामच्या घोड्यांमागे पळायचा त्याबद्दल, बायकोनं आज काय म्हणून हिणवलं त्याबद्दल. सावळीराम ऐकत होता की नाही ते सांगता यायचं नाही, पण त्यानं पाऊल अन्सारच्या पावलाशी जुळवून घेतलं होतं. नासर्डीचा पूल गेला. पुढं घरं संपली, दोन्ही बाजूंना शेतं आणि मधूनच एखादं लिंबाचं झाड. स्टेशनाजवळ एक पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालायचा आणि तिथं बसलेल्या माणसाकडून लाल फीत हातात बांधून घ्यायची. तिथं पोचेपर्यंत पुढं चार शिपाईच राहिले होते. अन्सारला जोर चढला. "चल रे, धरू त्यांना!" असं ओरडून तो सुटला आणि दोन-अडीचशे पावलं पुढं गेला.

तेवढ्यात वारा आला. आधी धुळीची भिंतच अंगावर आली, मग एकाएकी गार पडलं, इतकं की घामाची बनियन पाठीला बर्फासारखी चिकटली. दिवस मावळल्यासारखा उजेड गेला. पहिल्या गारा बोराएवढ्या होत्या. पोरं हसली, एकानं उचलून तोंडातही टाकली. पण थोड्या वेळात त्या आवळ्याएवढ्या झाल्या आणि हसणं थांबलं. डोक्यावर, खांद्यांवर, मनगटांच्या हाडांवर गारा आदळत होत्या. एक टांगा घोड्यानं शेतात ओढून नेला. पुढचे शिपाई लिंबाखाली घुसले, मागची पोरं उलटी स्टेशनाकडे पळाली. रस्त्यावर पांढरा थर साचला आणि त्यावर पाय ठरेना.

सावळीराम पळत राहिला. धीर म्हणून नाही, जिंकायचं म्हणूनही नाही. थांबण्यासाठी मनात काहीतरी उठावं लागतं, ते उठलं नाही. कानाच्या पाळीतून रक्त येत होतं, ते मानेवर कोमट लागलं तेव्हा त्याला कळलं, आणि कळलं एवढंच. थोड्या वेळानं तेही लागेना. बोटं कुठं संपतात ते समजत नव्हतं. पाय खाली पडत होते, ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. लिंबाखालून एक शिपाई ओरडला, "पागल है क्या?" तो त्याच्याही पुढून गेला.

नासर्डीच्या अलीकडे अर्ध्या मैलावर रस्त्याखालून ओहोळ काढलेला होता, दगडी मोरी. एरवी कोरडी. आता शेतांचं पाणी गारांसकट तिच्यात घुसत होतं. तिच्या तोंडाशी अन्सार पडला होता. गारांतही तो थांबला नव्हता, आणि इथं घसरून खाली गेला होता, एक पाय दगडांच्या फटीत अडकलेला, पाणी कमरेच्या वर. त्यानं हात वर केला.

"ए भाऊ! थांब! पाय अडकलाय माझा!"

सावळीरामनं मान वळवून पाहिलं. दोघांची नजर मिळाली. दहा पावलांचं अंतर असेल. अन्सारच्या भुवईवरून रक्त वाहत होतं आणि त्याच्या दाढीत गारा अडकल्या होत्या. सावळीरामला ते सगळं स्वच्छ दिसलं, पुढं कितीतरी वर्षं त्याला त्यातली एकेक गार सांगता आली असती. पण पावलं चुकली नाहीत. तो पुढं गेला. पूल आला, पूल गेला, घरं सुरू झाली.

कचेरीसमोरचा मांडव आडवा झाला होता. वळचणीला दहा-बारा माणसं अंग चोरून उभी होती, त्यांत रंगनाथ मास्तर होते, टोपी नसलेले, चिंब. सावळीराम दिसल्यावर ते पाण्यात धावत आले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली. कोणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पहिला आलास! आपल्या गावाचा! अरे, पण बाकीची? मागं कोण आहे? कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना?"

सावळीरामचे ओठ आखडले होते. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"ठाऊक नाय," तो म्हणाला.

मागाहून आणखी तिघे आले, तिघेही लिंबाखाली थांबून मग आलेले शिपाई. त्यांना वाटेत कुणी दिसलं नव्हतं. ते रस्ता सोडून शेताच्या आडवाटेनं आले होते. बाकीचे स्टेशनावर थांबले असतील असं सगळ्यांनी धरलं, आणि बरेचसे थांबलेही होते. मास्तरांनी सावळीरामच्या गळ्यात पदक घातलं. पाऊस ओसरल्यावर तो घोंगडी तशीच अंगावर घेऊन चार मैल चालत घरी गेला.

मळा उरला नव्हता. गुलाबाच्या काड्या सोललेल्या, कळ्या चिखलात, कडेचा द्राक्षाचा एक वेल होता तो मांडवासकट भुईसपाट. ठमाबाई घमेलं डोक्यावर धरून झाडांवर गोणपाटं टाकायला धावली होती. घमेल्याला पोचे पडले होते आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. ती चुलीपाशी बसली होती.

"समदं गेलं," ती म्हणाली.

"हां."

"तुमाला काय लागलं?"

"नाय."

तिनं त्याच्या कानाकडे, गळ्यातल्या पदकाकडे पाहिलं. त्यानं पदक काढून कोनाड्यात ठेवलं आणि तो निजला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलाच नाही.

मंगळवारी बाजारात न्यायला एक फूल नव्हतं. तरी पायांना सवय होती, तो आला. बाजारात मंगळू गाडीवान लोकांना सांगत होता. रविवारी तो कॅम्पात भाजी टाकून परत येत होता. अंधारून आलं होतं, आणि मोरीपाशी त्याचे बैल बुजले. खाली पाहतो तर माणूस. आधी त्याला मुडदाच वाटला.

"वठ निळं पडल्यालं," मंगळू म्हणाला. "पाय सोडवाया मला पहार घालावी लागली. भद्रकालीतला अन्सार हाय ना, कल्हईवाला? त्यो. दोन तास व्हता पान्यात. आता छातीत कफ धरलाय म्हनं. जगतोय का नाय, द्येवाला ठाऊक."

सावळीरामनं ऐकलं. त्यानं मंगळूला दोनदा विचारलं, किती तास. मग तो भद्रकालीकडे चालू लागला.

अन्सारचं घर एका खोलीचं होतं, पुढं पडवी, पडवीत जमिनीत खणलेली भट्टी आणि बाजूला लोकांच्या पितळी भांड्यांचा ढीग. अन्सारची बायको खुर्शीदा दाराशी आली. पदर डोक्यावर ओढून तिनं विचारलं, "कोण आपण?"

"शर्यतीतला."

तिचा चेहरा एकदम उजळला. "या, या ना. शर्यतीतलं कुणीसुद्धा आलं नाही बघा आत्तापर्यंत. तुम्ही पहिले." तिनं आत आवाज दिला, "अजी, कुणीतरी आलंय तुम्हाला भेटायला!"

अन्सार तापात होता, डोळे मिटलेले, श्वासाबरोबर छातीत काहीतरी खडखडत होतं. पायाला बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या. सावळीराम भिंतीला टेकून बसला. अशा तापाच्या माणसाशेजारी बसायची ही दुसरी वेळ, एवढं त्याच्या मनात येऊन गेलं. खुर्शीदानं चहा दिला, तो त्यानं घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. कुणी बोलवत नव्हतं, कुणी नको म्हणत नव्हतं.

बारा दिवसांनी ताप उतरला. सावळीराम आणखी तीन रात्री त्याच घराच्या पडवीत निजला. उतरलेल्या तापावर त्याचा भरवसा नव्हता. पण अन्सार जगला. पाय मात्र वाकडा बसला आणि छाती अशी झाली की भात्याचे चार झटके मारले की खोकल्याची उबळ. भांड्यांचे मालक तर विचारायला यायला लागले होते. तेव्हा खुर्शीदा भांडी घासून द्यायची, अन्सार उशाला टेकून भट्टीशेजारी बसायचा, आणि भाता सावळीराम ओढायचा. सकाळी मळ्यात नव्या काड्या लावायच्या, दुपारी इथं. अन्सार हातानं शिकवायचा कमी, तोंडानं जास्त. भांडं किती तापवायचं, नवसागर कधी मारायचा, कथलाची कांडी फिरवून कापसानं ते कसं पसरायचं. पांढरा धूर उठायचा आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. सावळीराम ते बघायचा आणि पुढचं भांडं घ्यायचा.

एका दुपारी त्यानं तापलेलं पातेलं सांडशीनं न उचलता हातानं उचललं. उचललं, आणि शांतपणे घमेल्यातल्या पाण्यापर्यंत नेलं. करपल्याचा वास आला तेव्हा खुर्शीदा आतून धावत आली. त्याच्या तळव्याची कातडी पातेल्याला चिकटली होती.

"या अल्ला!" तिनं पातेलं हिसकावलं आणि कोरफड आणायला गेली.

अन्सार त्याच्याकडे पाहत राहिला. "तुला दुखत नाही का रे?"

सावळीरामनं हाताकडे पाहिलं. "दुखत आसंल."

"असेल म्हणजे?"

भट्टीतले निखारे तडतडत होते. सावळीरामनं बाजूला पडलेली सांडशी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाला, "अन्सारभाई, मी तुला पाह्यलं व्हतं."

"कधी?"

"मोरीत. तू हात केला व्हता."

अन्सारनं मान हलवली. "ठाऊक आहे मला. तुझ्या तोंडाकडेच तर बघत होतो मी." तो थांबून थांबून बोलत होता, दम लागल्यामुळे. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हटलं, घाबरला असेल. गारा तशाच होत्या. कोण थांबणार? मला वाटलं, हा पुढं जाईल आणि माणसं पाठवील. पुलाकडून आवाज आला की वाटायचं, आले. दोन तास मला तेच वाटत होतं. मग म्हटलं, बिचारा वाटेत स्वतःच पडला असेल कुठंतरी."

"मी पडलो नाय. म्होरं पोचलो. मास्तरांनी इचारलं, मागं कोन हाय. मी म्हनलो, ठाऊक नाय."

हे अन्सारला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, जसा तापलेल्या भांड्याचा रंग बदलतो तसा. कोरफडीचं पान हातात घेऊन खुर्शीदा दारात उभी होती आणि तिनंही ऐकलं होतं.

"का?" अन्सार म्हणाला.

सावळीरामनं सांगायचा प्रयत्न केला. चांगुणाचं सांगितलं. गार कपाळाचं, पाटीचं, अंगणातल्या बायकांचं. एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "तवापासून दिसतंय समदं," तो म्हणाला, "पर दिसल्यालं आत जात नाय. तूबी दिसलास. आत गेला नायस."

"तुझी पोर गेली," अन्सार म्हणाला, "म्हणून मी गारांत पडून राहायचं?"

"नाय."

"मग मला का सांगतोस तिचं?"

खुर्शीदा पुढं आली. तिनं कोरफडीचं पान त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही. भात्याची दोरी ओढून आपल्याकडे घेतली.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

तो उठून गेला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो गल्लीत होता. पडवीच्या समोरच्या पायरीवर बसला, हाताला चिंधी गुंडाळलेली. खुर्शीदा स्वतः भाता ओढत होती आणि तिनं मान वर केली नाही. तो दिवस मावळायच्या आधी उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बसला. गल्लीतली माणसं विचारायला लागली, हा कोण, का बसतो? अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी अन्सारनं आतून खोकत बायकोला सांगितलं, ते गल्लीभर ऐकू आलं.

"घे त्याला आत. बाहेर बसला की लोक मला विचारतात, आणि मला दर वेळी सांगावं लागतं. त्यापेक्षा भाता तरी ओढेल."

खुर्शीदानं दोरी सोडली आणि ती आत निघून गेली. माफ केलं असं अन्सार कधी म्हणाला नाही. सावळीरामनंही विचारलं नाही. एकदा मात्र तो पदक घेऊन आला आणि अन्सारपुढं ठेवलं. अन्सारनं ते उलटसुलट करून पाहिलं, नखानं खरवडलं.

"हे घेऊन मी काय करू? ह्याला कल्हईसुद्धा लागत नाही," तो म्हणाला आणि परत दिलं. त्या दिवशी खुर्शीदाला हसू आलं, पण तिनं ते सावळीरामला दिसू दिलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांनी नाशिक सोडलं. अन्सारच्या भावाचे मालेगावला माग होते. मागावर बसून काम होतं, खेडी पालथी घालायची नव्हती, धूर नव्हता. सावळीराम त्यांचं सामान मोटारीच्या टपावर चढवायला गेला. अन्सारला हात देऊन आत बसवलं. खुर्शीदा खिडकीशी बसली होती. गाडी सुटायच्या बेतात ती म्हणाली, "तुमच्या बायकोला कधी आणलं नाहीत."

"बोललो नाय तिला यातलं."

"सांगा तिला," खुर्शीदा म्हणाली. "तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

त्या संध्याकाळी त्यानं ठमाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून तिचे हात थांबले, तव्यावरची भाकरी एका बाजूनं जळाली. "मला वाटलंच व्हतं कायतरी," एवढंच ती म्हणाली. जळकी भाकरी तिनं आपल्या ताटात घेतली.

पुढच्या माघात रंगनाथ मास्तर स्वतः मखमलाबादला आले. गेल्या साली जिंकलेला गडी या साली पळायलाच हवा, असा त्यांचा आग्रह. सावळीराम आला, पण शिट्टी झाली तेव्हा हलला नाही. सगळे सुटून गेले, धूळ बसली, मग तो निघाला. सगळ्यात मागं एक जाडा कारकून पळत होता, त्याच्या मागं वीस पावलांवर. मास्तर सायकलवरून आले आणि रस्त्यातच त्याच्यावर बरसले.

"हे काय चाललंय? पाय मोडला का तुझा? पुढं हो!"

"नाय मास्तर. मी मागं ऱ्हातो."

"कशाला?"

तेव्हा त्यानं मास्तरांनाही सांगितलं, पळता पळता, एका दमात. आपण त्यांना खोटं उत्तर दिलं होतं ते. मास्तर बरंच अंतर सायकल हातात धरून त्याच्या बाजूनं पळत राहिले. मग सायकलवर बसून पुढं गेले. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला एक पखाल आणि चिंध्यांची पिशवी आणून दिली.

ती शर्यत एकोणचाळीस सालापर्यंत चालली, मग लढाई आली आणि कॅम्पातले शिपाई गेले, शर्यतही बंद पडली. दर वर्षी सावळीराम शेवटच्या गड्याच्या मागं असायचा. त्यावरून लोक त्याची थट्टा करायचे, पळवाट शोधतो म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. मोरीवरून जाताना खाली डोकावायचा, दोन्ही बाजूंनी, तिथं कुणी असायचं कारण नसलं तरी. त्याला बरं वाटायचं का? एकदा ठमाबाईनं तसं विचारलंही. तो विचार करून म्हणाला, "काय वाटत नाय. पर जातो."

शेवटच्या वर्षी ऊन कडक होतं, ढगाचं नाव नाही. सगळ्यात मागं सोमा हलवाई होता, पन्नाशीचा, पैज लावून उतरलेला. नासर्डीच्या पुलावर तो कठड्याला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही व्हा पुढं. माझं काही खरं नाही."

"बस. घाई नाय," सावळीराम म्हणाला. पखालीतलं पाणी त्यानं सोमाच्या ओंजळीत ओतलं. मग आपल्याही. पाणी कोमट होतं, कातड्याचा वास होता त्याला. दोघं पुलावर बसून राहिले. खालच्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या, पलीकडे कोबीच्या शेतात बायका वाकल्या होत्या. सोमा आपल्या पैजेची गोष्ट सांगत होता, ती लांबत चालली होती. सावळीराम मधूनच विचारत होता, "मग?"

ते कचेरीपाशी पोचले तेव्हा मांडवाच्या कनाती सोडायला घेतल्या होत्या.